मूर्तिजापूर जंक्शन व त्याच्या बंद पडलेल्या शाखा

मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या मोठ्या रेल्वेमार्गावर अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर हें स्टेशन आहे. त्याच्या नांवापुढें 'जंक्शन' हा शब्द लागलेला आहे, तो तेथून फुटणाऱ्या दोन शाखांमुळें. एक शाखा दक्षिणेस कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळास जात असे. दुसरी उत्तरेस दर्यापूर व अंजनगांव यांवरून अचलपुरास जात असे. दोन्ही अरुंद रुळांच्या होत्या आणि वऱ्हाडांतील लोक त्यांस मिळून 'शकुंतला' म्हणत. आज या दोन्ही शाखा बंद आहेत. पुष्कळ ठिकाणीं रूळ गवतांत व बाभळींत दिसेनासे झाले आहेत, आणि रुळालगतचे कास्तकार विचारूं लागले आहेत कीं, ही मधली जमीन आतां कोणाची?

आमची सारी नोकरी गांवचे नकाशे, पेरेपत्रकें व फेरफार यांच्या कामांत गेली, त्यामुळें निवृत्तीनंतरही असले प्रश्न आमच्याकडे येतात. या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येईल. परंतु ही रेल्वे कां झाली व कां बंद पडली हें समजल्यावांचून तें उत्तर कास्तकारांस पटणार नाहीं. म्हणून प्रथम इतिहास व मग जमिनीचा विचार असा क्रम येथें धरला आहे.

कापूस व रेल्वे.— वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. त्यामुळें तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानांतील काळ्या जमिनीकडे वळली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची भुसावळहून निघालेली लाईन वऱ्हाडांतून पूर्वेकडे सरकत होती. १८६७ सालीं ती नागपुरास पोहोंचली. ही लाईन प्रांताच्या मधून गेली खरी, परंतु कापसाच्या मोठ्या पेठा तिच्यावर नव्हत्या. म्हणून लवकरच, १८७०-७१ च्या सुमारास, जलंबहून खामगांवास व बडनेऱ्याहून अमरावतीस छोट्या शाखा काढाव्या लागल्या.

यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगांव, अचलपूर या पेठा मात्र तशाच दूर राहिल्या. यवतमाळ मूर्तिजापुरापासून सुमारें सत्तर मैल. भरलेली बंडी दिवसाला बारा-पंधरा मैल चालते असें धरलें तरी एका खेपेस जातांना पांच दिवस लागत. उत्तरेकडील अडचण वेगळी होती. अचलपूर जरी सत्तेचाळीस मैलच असलें तरी वाटेंत पूर्णेचें खोरें लागतें. तेथील चोपण, खारवट, काळी जमीन एकदां भिजली म्हणजे बंडीचें चाक तुंब्यापर्यंत रुतून बसतें. ज्यानें तो चिखल पाहिला आहे त्याला या भागांत रेल्वेचें मोल सांगावें लागणार नाहीं.

शाखा कशा झाल्या.— मुंबईंत किलिक निक्सन नांवाची व्यापारी पेढी १८५७ सालापासून होती. तिनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, आणि त्यापुढील पांच-सहा वर्षांत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा मार्ग टप्प्याटप्प्यानें वाहता झाला. यवतमाळची शाखा ११३ किलोमीटर व अचलपूरची ७६ किलोमीटर. मिळून १८९ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें ११७ मैल. याच कंपनीची पुलगांव-आर्वी ही ३५ किलोमीटरांची आणखी एक लाईन वर्धा जिल्ह्यांत होती. तीही आतां बंद आहे. दारव्ह्याहून पुसदकडेही एक फांटा गेला होता. तो पुढें उखडण्यांत आला.

या शाखांनीं कापूस तर नेलाच, परंतु माणसेंही नेलीं. कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथें जाणारे यात्रेकरू, अचलपूरच्या बाजारास निघालेले सातपुड्याच्या पायथ्याचे लोक, तालुक्याच्या कचेरींत तारीख असलेले पक्षकार व शाळेंत जाणारीं मुलें, या सर्वांची ती गाडी होती. पावसाळ्यांत वाटा बंद झाल्या म्हणजे लाखपुरी, बनोसा, पथ्रोट, लाडखेड अशा ठिकाणच्या लोकांस तिच्यावांचून दुसरा भरंवशाचा मार्ग नसे.

मूर्तिजापूरचें काम.— येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच आहे; शकुंतलेचें अंतर २ फूट ६ इंच. अरुंद रूळ घेण्याचें कारण पैशाचें. रूळ हलके चालतात, पूल लहान पुरतात, वळण आंखूड घेतां येतें व भरावाची माती कमी लागते. जेथें रुंद लाईन परवडली नसती तेथें अरुंद लाईन निघूं शकली. परंतु स्वस्ताईची किंमत मूर्तिजापुरास भरावी लागे. अरुंद रुळावरचा डबा मोठ्या रुळावर चढत नाहीं. म्हणून यवतमाळास किंवा अचलपुरास भरलेली प्रत्येक गासडी मूर्तिजापुरास उतरवून मोठ्या डब्यांत पुन्हां भरावी लागे. जुन्या मापाची खंडी ७८४ रत्तलांची व गासडी अर्ध्या खंडीची, म्हणजे ३९२ रत्तलांची. लोखंडी पट्ट्यांनीं आंवळलेली अशी एक एक गासडी हमालांनीं आंकड्यानें ओढून एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत नेण्याचें काम हंगामभर चाले. त्यावर पुष्कळांचें पोट चाले, गोदामें लागत आणि मुकादम, अडते व बंडीवाले यांस काम मिळे. जंक्शनाची वर्दळ ती हीच.

जोंपर्यंत रेल्वेशीं स्पर्धा बैलबंडीची होती तोंपर्यंत हा दुहेरी भरणा कोणास खुपला नाहीं. पांच दिवसांच्या बंडीपेक्षां एक वेळची हमाली केव्हांही स्वस्त. पुढें सडका झाल्या व मालमोटारी आल्या. मालमोटार जिनाच्या दारांत भरते आणि गिरणीच्या दारांत रिकामी होते. मध्यें कोठेंही उतरवणें नाहीं. जो दुहेरी भरणा बंडीपुढें क्षुल्लक होता तोच मालमोटारीपुढें भारी ठरला. माल हळूहळू रुळावरून सडकेवर गेला व शकुंतला मुख्यतः उतारूंची गाडी होऊन राहिली.

मालकी एकाची, चालविणें दुसऱ्याचें.— केवळ मालमोटारीमुळें रेल्वे मरते असें म्हटलें तर तें अर्धें सत्य होईल. दुसरें अर्धें कराराच्या कागदांत आहे. लाईन बांधली व तिची मालकी राखली ती कंपनीनें. गाडी चालविली ती जी.आय.पी. रेल्वेनें. उत्पन्नांतील ठरलेला हिस्सा कंपनीस जाई. जी.आय.पी. रेल्वे १९२५ सालीं सरकारच्या ताब्यांत आली आणि १९५१ सालीं ती मध्य रेल्वेंत गेली. तरी शकुंतलेची मालकी कंपनीकडेच राहिली. स्वातंत्र्यानंतरही सरकारी रेल्वे गाडी चालवीत आहे आणि रुळांची मालकी खाजगी कंपनीची आहे, असा प्रकार वऱ्हाडांत अनेक दशकें चालू होता. "इंग्रजांस अजून भाडें जातें" असें लोक बोलत तें याच कारणानें. वस्तुतः त्या पेढीचा कारभार पुढें हिंदी हातीं आलेला होता. तेव्हां दोष इंग्रजाचा कीं हिंदी माणसाचा हा वाद निरर्थक आहे. दोष व्यवस्थेचा होता.

ती व्यवस्था कास्तकारांस समजावून सांगण्यास बटाईचा दाखला पुरे. वावर एकाचें, वाहणारा दुसरा. वाहणाऱ्यास वाटतें, बांध घालण्याचा व शेणखताचा खर्च मीं कां करावा, वावर तर माझें नाहीं. मालकास वाटतें, मला हिस्सा मिळतोच आहे, खर्च वाहणाऱ्यानें करावा. दहा वर्षांत बांध फुटतो, माती वाहून जाते, व दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. शकुंतलेचें नेमकें असेंच झालें. जुने रूळ बदलले गेले नाहींत. रूळ अशक्त म्हणून गाडीचा वेग कमी ठेवावा लागला. वेग कमी म्हणून ज्याला घाई होती तो मोटारीकडे गेला. उतारू घटले म्हणून उत्पन्न घटलें, आणि उत्पन्न नाहीं म्हणून दुरुस्ती नाहीं. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे तें आपोआप थांबत नाहीं.

त्याचीं चिन्हें सर्वांच्या डोळ्यांपुढें होतीं. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन १९२३ सालीं या मार्गावर आलें, व तें १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे एकाहत्तर वर्षें, गाडी ओढीत राहिलें. इंजिनाच्या व तें राखणाऱ्या कामगारांच्या दृष्टीनें ही मोठी अभिमानाची गोष्ट होय. परंतु लाईनीच्या दृष्टीनें पाहिलें तर इतक्या काळांत तिच्यावर नवें भांडवल किती थोडें लागलें याचा तो पुरावा आहे. शेवटीं शेवटीं यवतमाळच्या प्रवासास सहा-सात तास लागत. माणसें इतकीं कमी झालीं होतीं कीं, फाटक आलें म्हणजे गाडी थांबे, गाडीवरचाच नोकर उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली कीं फाटक उघडून पुन्हां गाडींत बसे. अखेर २०१० ते २०२० या दशकाच्या उत्तरार्धांत दोन्ही शाखांवरील गाड्या बंद पडल्या.

बार्शीचा दाखला.— अरुंद लाईनीचा शेवट असाच व्हावयाचा, असें कोणी म्हणेल तर त्यानें कुर्डुवाडीकडे पाहावें. बार्शी लाईट रेल्वेही २ फूट ६ इंच रुळांचीच. तिचा पहिला तुकडा १८९७ सालीं सुरू झाला, आणि पुढें पंढरपूर, लातूर व मिरज येथपर्यंत ती २०२ मैल पसरली. तीही खाजगी कंपनीचीच होती. परंतु १९५४ च्या आरंभीं सरकारनें ती विकत घेतली. मालक व चालविणारा एक झाला. त्यानंतरही ती पुष्कळ वर्षें अरुंदच राहिली, तेथेंही वेग कमीच होता. तथापि चालू शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ती सर्व लाईन रुंद झाली, व आज लातूर-मिरजेच्या बाजूस त्याच मार्गावरून मोठ्या गाड्या धांवतात. दोन्ही लाईनींचें माप एक, मुलूख कोरडवाहू, मालही बराचसा सारखा. फरक अनेक असतील. परंतु एकीचा मालक ठरलेला होता व दुसरीचा प्रश्न लोंबकळत राहिला, हा फरक सर्वांत मोठा आहे असें आमचें मत आहे.

जमीन कोणाची.— आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. गाडी बंद झाली, तर रुळाखालची जमीन ज्यांच्या आजा-पणजांची होती त्यांच्या वंशजांस परत मिळते काय? उत्तर: नाहीं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें ताबा घेतला गेला म्हणजे जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन संपूर्णपणें सरकारची होते. मोबदला दिला गेला त्या दिवशींच जुन्या खातेदाराचा संबंध तुटला. ज्या कामासाठीं जमीन घेतली तें काम पुढें बंद झालें तरी ती आपोआप परत येत नाहीं. ती दुसऱ्या सार्वजनिक कामास लावतां येते, हें सर्वोच्च न्यायालयानें अनेकदां सांगितलें आहे.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यांत, पांच वर्षें वापरांत न आलेली जमीन मूळ मालकास अथवा सरकारी भूमिपेढीस परत करावी असें कलम १०१ आहे, व त्याचा आधार घेऊन कांहीं लोक आशा धरून बसले आहेत. परंतु तें कलम त्या कायद्याखालीं घेतलेल्या जमिनींसाठीं आहे. शिवाय शंभर वर्षें जिच्यावरून गाडी गेली ती जमीन 'वापरांत आली नाहीं' असें कोण म्हणेल?

दुसरा समज असा कीं, रुळाची पट्टी बारा वर्षें वाहिली म्हणजे ती नांवावर चढते. खाजगी माणसाविरुद्ध जी मुदत बारा वर्षांची आहे तीच सरकारविरुद्ध तीस वर्षांची आहे. आणि पेरा लागला म्हणजे मालकी लागली असें होत नाहीं. सात-बारावरील पिकाची नोंद ही पिकाची नोंद आहे. अतिक्रमण म्हणून जमीन काढून घेतली गेली तर उभें पीक जातें, वर दंड बसतो. दोन तासांच्या लोभानें दहा तासांचें वावर वादांत घालूं नये.

लगतचें वावर विकत घेणाऱ्यांनींही जपावें. खरेदीखताच्या चतुःसीमेंत 'पूर्वेस रेल्वे लाईन' असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ रुळापर्यंत असा नव्हे, तर रेल्वेच्या हद्दीपर्यंत असा आहे. ही हद्द भराव, त्याची चरी व माती काढलेले खड्डे धरून असते आणि रुळापासून बरीच दूर असूं शकते. गांवचा नकाशा पाहून व भूमि अभिलेख कचेरीकडून मोजणी करून घेऊन मगच धुरा ठरवावा.

मोऱ्यांची गोष्ट.— जमिनीच्या मालकीपेक्षां आज कास्तकारांस जास्त नडणारी गोष्ट मोऱ्यांची आहे. रेल्वेचा भराव म्हणजे मैलोगणती लांब बांध. चढाच्या बाजूचें पाणी पलीकडे जावें म्हणून त्यांत जागोजाग मोऱ्या ठेवलेल्या असतात. गाडी चालू होती तोंपर्यंत रुळावर काम करणारे लोक त्या साफ ठेवीत. कारण पाणी तुंबलें तर भराव खचतो. गाडी बंद झाली व ती पाहणी थांबली. गाळ, काटेरी झुडपें व वाहून आलेला काडीकचरा यांनीं मोरी बुजली कीं वरच्या अंगाच्या वावरांत पाणी सांचतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील चोपण जमिनींत पाणी आधींच मुरत नाहीं. तेथें चार दिवस पाणी उभें राहिलें तर कपाशी पिवळी पडते व तूर जळते. यावर खटल्याचा उपाय नाहीं. रोहिणी नक्षत्रापूर्वीं, ग्रामपंचायतीमार्फत रेल्वेस लेखी कळवून, मोरीचें तोंड साफ करून घेणें हाच उपाय आहे. भराव फोडून वाट काढणें मात्र सर्वथा टाळावें. एकाच्या वावरांतून काढलेलें पाणी दुसऱ्याच्या वावरांत घुसतें आणि गांवांत वैर उभें राहतें.

पट्टी अखंड कां राहावी.— या शाखा रुंद कराव्या ही मागणी जुनी आहे व तिच्यासाठीं पाहण्याही झाल्या आहेत. ती केव्हां फळास येईल हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु एक हिशेब सांगतां येतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरांची नवी लाईन २००८-०९ सालीं मंजूर झाली. तिचा वर्धा ते कळंब हा सुमारें चाळीस किलोमीटरांचा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. मधल्या पंधरा वर्षांतील फार मोठा भाग जमिनी मिळविण्यांत गेला, हें महसूल खात्यांत काम केलेल्या माणसास वेगळें सांगावयास नको. शकुंतलेची जमीन मात्र एका सलग पट्टींत आधींच मोकळी आहे. तिचे रूळ भंगाराच्या मोलाचे असतील; पट्टी त्याहून कितीतरी अधिक मोलाची आहे. ती जागोजाग तुटली, तर उद्यां रेल्वेसाठीं पुन्हां आपल्याच वावरांतून नवी पट्टी मागितली जाईल.

म्हणून रुळालगतच्या गांवांतील सभासदांनीं एक काम या उन्हाळ्यांत करावें अशी आमची सूचना आहे. प्रत्येक गांवानें एक यादी करावी. तींत गट नंबर, फाटक किंवा बंडीची वाट कोणत्या जागीं होती, मोरी कोठें आहे, तिचें पाणी कोणत्या दिशेस जातें, व कोणाचें वावर लाईनीनें दुभागलें आहे, एवढीं पांच सदरें असावीं. यादी ग्रामसभेपुढें वाचून ठराव करावा व तिची एक प्रत तहसील कचेरींत आवक नंबर घालून द्यावी. याचें कारण असें कीं, रुंद लाईन झाली म्हणजे साधीं फाटकें बहुधा राहत नाहींत. त्यांच्या जागीं रुळाखालून रस्ता काढतात, आणि तो चुकीच्या जागीं निघाला तर पावसाळ्यांत त्यांत कमरेइतकें पाणी भरतें. बंडी व बैल कोठून जातात हें आधीं कागदावर असलें तर मागणी करतां येते. रूळ पडल्यावर केलेली तक्रार फाइलींत पडून राहते. जुनीं माणसें आहेत तोंवर हीं ठिकाणें दाखवितां येतील. पुढील पिढीस फाटकाची जागा झुडपांतून शोधावी लागेल.

संघाच्या सभासदांनीं या इतिहासापासून आणखी एक बोध घ्यावा. आपल्या गांवोगांवच्या सामाईक विहिरी, गोदामें, मळणीयंत्रें यांची स्थिति पाहावी. जेथें मालकी कोणाची व दुरुस्ती कोणाकडे हें पहिल्याच दिवशीं लिहून ठेवलेलें नाहीं, तेथें वस्तु कितीही चांगली असली तरी ती टिकत नाहीं. मूर्तिजापुराहून निघणाऱ्या दोन्ही शाखांस माल होता, उतारू होते व त्यांजवर लोकांचें प्रेम होतें. त्यांची डागडुजी करणें हें आपलें काम आहे असें मानणारा मात्र कोणी नव्हता. आपल्या सामाईक वस्तूंचे करार संघानें येत्या वार्षिक सभेपूर्वीं काढून पाहावे, आणि ज्यांत दुरुस्तीचें कलम नाहीं त्यांत तें घालून घ्यावें.